ईशान्येचं पाणी

आपल्याकडे खेड्यापाड्यांत घर बांधायला काही नियमच नसतात, असं पुण्या-मुंबईची माणसं म्हणतात तेव्हा मला हसू येतं. हसू कसलं, संतापच येतो, पण चारचौघांत तो हसण्यावारी न्यावा लागतो. नियम असतात. आमच्याकडे तर इतके होते की एका गावचा नियम शेजारच्या गावाला ओळखसुद्धा दाखवत नव्हता.

नव्वदच्या दशकात मी बारामतीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाई असूनही हुद्दा ड्राफ्ट्समनच. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीनं यायचं, दिवसभर टेबलावर वाकून ट्रेसिंग पेपरवर शाईच्या रेघा मारायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. हंगामात लासुर्ण्याच्या अलीकडे गाडी उसाच्या बैलगाड्यांमागे अडकली की घरी जायला अंधार पडायचा आणि आई दारातच उभी असायची. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे सगळा दोष त्या गावावर टाकून मोकळे होतील आणि आपापल्या घरी निर्धास्त पाणी पितील.

साहेबांकडे बारामतीची कामं असत, इंदापूरची असत आणि मधल्या सगळ्या गावांचीही. एकच घर दोन गावांत बांधायचं म्हटलं तर दोन वेगळे नकाशे लागत. एका ठिकाणी संडासाची टाकी आतून कशी आहे ते उभं कापून दाखवल्याशिवाय नकाशा पुढे सरकत नसे. दुसऱ्या ठिकाणी टाकी दाखवली म्हणून एका सरपंचांनी मला नकाशा परत दिला होता. "बाई, येवढ्या चांगल्या घराच्या चित्रात ही घाण कशापायी काढली?" असं त्यांचं म्हणणं. कुठे टाकीच्या हवेचा पाइप गच्चीच्या वर न्यावा लागे, कुठे त्याला कुणी विचारत नसे, आणि एका वस्तीवर तो पाइप धरून चोर चढतात म्हणून लोकांनी सरसकट कापून टाकला होता. मी सगळ्यांच्या तऱ्हा सांभाळून रेघा मारत असे.

आणि ऑफिसात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. अख्ख्या देशानं घरं कशी बांधावीत, नळ कसे जोडावेत, सांडपाणी कुठून न्यावं, याची एकच संहिता. अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकाशांच्या प्रिंटा गुंडाळी सोडत नसत, त्या सपाट करायला आम्ही ते वर ठेवायचो. दुपारी वीज गेली की मी खिडकीशी बसून ते चाळायची. मला ते आवडायचं, खरं सांगते. त्यात विहीर आणि संडासाची टाकी यांच्यात अंतर किती राखावं हे लिहिलं होतं, आणि ती विहीर तुमची असो की शेजाऱ्याची, अंतर तेच. आमच्या सगळ्या नियमांना फक्त आपापलं कुंपण दिसत होतं. हे पुस्तक कुंपणापलीकडे बघत होतं.

"साहेब, हे लागू का करत नाहीत?" मी एकदा विचारलं.

"होईल की! एक दिवस सगळ्या देशाला एकच नियम होणार." साहेब भले आणि आशावादी होते. "ही नुसती शिफारस आहे ना. आधी राज्यानं उचलायला पाहिजे, मग नगरपालिकांनी, मग ग्रामपंचायतींनी."

"आणि तोवर?"

"तोवर प्रिंटा दाबायला बरं आहे," म्हणाले आणि स्वतःच हसले.

आमचं घराणं मेंढरांमागे फिरलेलं. आजोबांनी आयुष्यभर आभाळाखाली पाठ टेकली. आबा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात चिकटले तेव्हा घराण्यात पहिल्यांदा कुणाला तरी भोंग्यावर उठायची सवय लागली. घर मात्र वस्तीवरचं पत्र्याचंच होतं आणि बायकांना अंधारातच डबा घेऊन बाहेर जावं लागे. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मला त्याची शरम वाटायची, आणि शरमेपेक्षा जास्त राग यायचा.

आक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न बारामतीत झालं. सासरी नळ, न्हाणीघर, सगळं घरात. तिला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे ठरलेलंच होतं, पण तिच्या सासूबाईंनी आबांना समोर बसवून विचारलं, "पोटुशी पोर तुमच्याकडं पहाटेची रानात जाणार व्हय?" आबांनी मान खाली घातली. त्यांच्या मान खाली घालण्यातूनच आमचं नवं घर उभं राहिलं. जागा आधी घेऊन ठेवलेली होतीच, दोन गावांच्या शिवेवर नव्यानं पडलेल्या प्लॉटांच्या ओळीत. आता आबांनी दिवसरात्र एक करून तिथे भिंती उभ्या केल्या. घरात संडास, अंगणात बोअर. आक्का सातव्यात यायची होती, त्याच्या आधी स्लॅब पडायला हवा, एवढी एकच गोष्ट त्या वर्षी आमच्या घरात बोलली जात होती.

ती ओळ पूर्व-पश्चिम होती. आमचं घर आमच्या गावातलं शेवटचं आणि पूर्वेचं शेजारचं घर पुढच्या गावातलं पहिलं. शीव बरोबर मधल्या कुंपणभिंतीतून जायची. लोक चेष्टा करायचे की तुमच्या कोंबड्या रोज परगावी चरायला जातात. शेजारी तात्या राहायला येणार होते. तेही आमच्यातलेच, कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, आबांचे जुने सोबती. दोघांनी मिळून एकाच मिस्त्रीला काम दिलं, वाळू एकाच ट्रॅक्टरनं आणली.

तात्यांचा नकाशा मीच काढला. त्यांची टाकी मी मुद्दाम दक्षिणेकडे, रस्त्याच्या बाजूला दाखवली होती. एका रविवारी मी मागच्या अंगणात गेले तर भिंतीपलीकडे मिस्त्रीची माणसं खड्डा खणत होती. आमचा बोअर भिंतीच्या अलीकडे, खड्डा पलीकडे. मधे वीतभर जाडीची भिंत आणि थोडा मुरूम.

"तात्या, टाकी इथं कुठं काढली? मी तर पुढं दाखवली होती!"

"अगं, बारामतीचे शास्त्री आलते न्हवं का होकायंत्र घिऊन. त्यांनी सांगितलं, घाण वायव्येला."

हे वास्तुशास्त्री त्या काळात गल्लोगल्ली निघाले होते. आमच्याकडेही तेच आले होते. पाणी ईशान्येला, संडासाची टाकी वायव्येला, हा त्यांचा दंडक. ईशान्य म्हणजे उत्तर-पूर्वेचा कोपरा, वायव्य म्हणजे उत्तर-पश्चिमेचा. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे लख्ख उजेड पडला. पूर्व-पश्चिम ओळीत घरं एकमेकांना खेटून उभी असतील तर माझी ईशान्य जिथे संपते तिथेच शेजाऱ्याची वायव्य सुरू होते. माझं पाणी आणि त्याची घाण एकाच भिंतीला दोन बाजूंनी टेकतात.

मी घरातून कागद आणला. आबांना हाक मारली. कुंपणाच्या भिंतीवरच कागद पसरून त्या दोघांना मी अख्खी ओळ काढून दाखवली. प्रत्येक घराचा एक चौकोन, पाण्याला टिंब, टाकीला फुली. प्रत्येक टिंबाला पलीकडच्या घराची फुली चिकटलेली. आमचीसुद्धा फुली पश्चिमेच्या मोकळ्या प्लॉटच्या उंबऱ्यावर जाऊन बसली होती. म्हटलं, आता तरी कळेल.

तात्यांनी चष्मा लावून कागद नीट पाहिला. मग आबांकडे वळून समाधानानं म्हणाले, "बगा आबा, समद्यांचं कसं सारखं आलंय."

आबांनी मान डोलावली. मी कागद चुरगाळून टाकला. आजही त्या वाक्याची आठवण झाली की माझे हात शिवशिवतात.

"तात्या, तुमच्या टाकीचं पाणी झिरपून आमच्या बोअरमध्ये येणार," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं.

"झिरपतंय तर चांगलंच हाय की. मिस्त्रीनं तळ बांधलेलाच न्हाय. धा वर्सं भरायची न्हाय टाकी, सांगून ठेवलंय त्यानं."

टाकी भरत नाही म्हणजे मिस्त्री हुशार, अशी आमच्याकडे समजूत होती. तळ न करता नुसत्या चार भिंती बांधायच्या आणि जे असेल ते जमिनीनं गिळायचं. जमीन गिळून ते कुठे नेते, हा प्रश्न कुणाला पडत नसे. पूर्वी मेंढरांचा तळ बसायचा त्या रानात पीक चांगलं येतं, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं. जमिनीत जाईल ते चांगलंच होऊन येतं यावर आमच्या लोकांचा विश्वास होता, आणि उघड्या रानापुरता तो खराही होता.

मी हार मानणारी नव्हते. साहेबांची परवानगी घेऊन ते जाडं पुस्तक पिशवीत घालून गावी आणलं आणि तात्यांच्या पुढ्यात पान उघडलं.

"ह्यो कुणाचा कायदा?"

"देशाचा."

"मग सरकारचा शिक्का कुठं हाय?"

शिक्का नव्हता. पुस्तक स्वतःच पहिल्या पानापासून सांगत होतं की मी शिफारस आहे. तात्यांनी ते हातात तोलून बघितलं आणि जपून परत दिलं. "तुजं शिक्षान वाया जायचं न्हाय पोरी," म्हणाले, "पण तुमचं पानी ईशान्येला, माजी टाकी वायव्येला. दोगं बी नियमात हाय."

मग मी आमच्या ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बोअर आपल्या हद्दीत आहे पण टाकी नाही, आपण तिला काय करणार. शेजारच्या गावच्या पंचायतीत टाकी हद्दीत होती पण बोअर नव्हता, त्यामुळे तक्रार घ्यायला तक्रारदारच गावातला नव्हता. एसटीनं इंदापूरला जाऊन एका कचेरीत बसले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला. माझ्या हातातलं पुस्तक बघून त्यांचे डोळे चमकले, अशीच एक प्रत त्यांच्याही कपाटात होती. त्यांनी उठून ती दाखवली. नवी कोरी होती, कव्हरसुद्धा काढलेलं नव्हतं.

"तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे," ते म्हणाले. "हे लागू झालं ना, तर मी उद्या ती टाकी बुजवायला लावीन. पण आज कुठल्या कलमाखाली लावू, सांगा."

राग काढावा असा त्या दिवशी कुणी सापडला नाही. सगळेच सज्जन, सगळेच आपापल्या जागी बरोबर. परतीच्या गाडीत मी पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते आणि ते इतकं जड लागत होतं की शेवटी पायाशी ठेवलं.

आक्का सातव्यात आली. ओटीत खण-नारळ घेऊन रिक्षातून उतरली आणि आधी चपलांसकट संडास बघायला गेली. दार उघडून, बंद करून, कडी लावून पाहिली. आतूनच ओरडली, "आबा, फरशी पांढरी घातलीय!" आबा अंगणात उभे राहून हसत होते. माझ्या बापाला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

मी आईच्या मागे लागले. आक्काला पाणी उकळून द्यायचं, काही झालं तरी. आईनं पहिले काही दिवस दिलं. पण उन्हाळा चढत चालला होता, गॅसची टाकी नंबर लावून मिळायची, चुलीवर उकळलेल्या पाण्याला धुराचा वास लागायचा. आक्काला तो वास आला की उमासे यायचे. ती माझी पाठ वळली की माठातलं गार पाणी प्यायची आणि आई तिला प्यायला द्यायची, कारण गरोदर पोरीचे डोहाळे मोडायचे नसतात. बोअरमध्ये मी आरोग्य केंद्रातून आणलेली ब्लीचिंग पावडर टाकली तर चहाला औषधाचा वास आला म्हणून आबांनी दोन दिवस चहाच सोडला. पाणी दिसायला काचेसारखं होतं. त्याला वास नव्हता, रंग नव्हता. मी ओरडत होते ते अशा गोष्टीबद्दल, जी माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हती.

एव्हाना तात्याही शेजारी राहायला आले होते, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांचा थोरला मुलगा बाहेरगावच्या कामावरून कावीळ घेऊन घरी आला. महिनाभर पडून होता, मग बरा झाला. भिंतीपलीकडे त्यांचा संडास, भिंतीखाली तळ नसलेली टाकी. मी आईला म्हटलं, आक्काला तिच्या सासरी पाठव. आई म्हणाली, सातव्यात आणलेली लेक रिकामी परत पाठवायची कशी, लोक काय म्हणतील, तिची सासू काय म्हणेल. मी आबांना म्हटलं. आबा उठून अंगणात गेले. ज्या घराच्या भिंती त्यांनी तिच्यासाठी उभ्या केल्या, त्या घरातून तिला घालवा असं मी सांगत होते. मला ते कळत होतं. कळूनही मी रोज सांगत होते, आणि रोज मीच त्या घरातली वाईट ठरत होते.

आठवा संपत आला तेव्हा आक्काला जेवण जाईना. मळमळ गरोदरपणाची म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. एका सकाळी ती दारात उन्हाला बसली होती, मी तिच्या समोर आले आणि तिच्या डोळ्यांतला पांढरेपणा गेलेला दिसला. आबांनी तिला आधी एका गावी काविळीचं पाल्याचं औषध देतात तिथे नेलं. तिथे चुन्याच्या पाण्यात हात धुवून घेतले, पाणी पिवळं झालं आणि कावीळ उतरली असं सांगितलं. ताक-भाताचं पथ्य दिलं. त्यात काही दिवस गेले. मग ती झोपेतच राहायला लागली. हाक मारली की बघायची पण ओळखायची नाही.

इंदापूरच्या डॉक्टरांनी डोळे बघितले, पोट बघितलं आणि आबांना बाहेर बोलावून पुण्याला न्यायला सांगितलं. मीही गेले बाहेर. "पाण्यातून होणारी कावीळ आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला झाली तर पडून उठतो माणूस. गरोदर बाईला फार वाईट. उशीर करू नका."

जीप भरदुपारी हमरस्त्याला लागली. आक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पाय आईच्या. आबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि एकदाही मागे वळले नाहीत. ट्रकमागून ट्रक. डाळजच्या आसपास तिचा श्वास घरघरायला लागला. मी तिचं तोंड पुसलं, तिच्या कानात तिला हाका मारल्या, लहानपणी मारायची तशा. भिगवण यायच्या आधी ती गेली. मूल पोटातच गेलं. मुलगा होता की मुलगी, हे आम्ही विचारलं नाही.

तिच्या सासूबाई आल्या, दारात बसून रडल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "माझ्या घरी चांगलं नळाचं पानी हुतं गं." आईनं ते ऐकलं. त्यानंतर कितीतरी दिवस आई पाण्याच्या माठाजवळ गेली की तिथेच उभी राहायची.

मी आबांना सांगितलं. दहाव्याच्या आधीच सांगितलं, माझ्यात धीर नव्हता. "आबा, डॉक्टर म्हणाले ते तुम्ही ऐकलंत. ती पाण्यानं गेली. ह्या पाण्यानं."

आबा म्हणाले, "त्येच पानी मी पितो. तुजी आई पिती. तू पितीस. मग आमी कसं ऱ्हायलो?"

त्या प्रश्नाला डॉक्टरांकडे उत्तर होतं, माझ्याकडेही होतं. पण ज्यानं विचारला त्याला उत्तर नको होतं, त्याला त्याची लेक हवी होती.

तेराव्यानंतर एक संध्याकाळ अशी आली की मला वाटलं, निदान पुढच्या कुणासाठी तरी काही होईल. तात्या आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, पायरीवरच बसले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "पोरी, तू सांगत हुतीस," माझ्याकडे न बघता म्हणाले. "आबा, मी टाकी बुजवतो. पुढच्या अंगाला नवी काढतो. शास्त्र गेलं खड्ड्यात." आबा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघं म्हातारे खांद्याला खांदा लावून बसून राहिले. मी आत जाऊन चहा टाकला, आणि आक्का गेल्यावर पहिल्यांदा मला रडू आलं.

पण एवढं मोठं काम विचारल्याशिवाय करायचं कसं? बारामतीहून शास्त्री आले. तेही वाईट माणूस नव्हते, आक्काचं ऐकून त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी होकायंत्र काढलं. आधी तात्यांची टाकी पाहिली, आणि ती बरोबर वायव्येला निघाली. मग भिंतीवरून आमच्या अंगणात आले, बोअरजवळ बसले, दोरी धरली, पुन्हा पुन्हा सुई बघितली. आणि मान हलवली. बोअर ईशान्येला होता खरा, पण बरोबर कोपऱ्यात नव्हता. हातभर पूर्वेला सरकायला हवा होता. घरची लक्ष्मी गेली ती त्या हातभर अंतरामुळे.

पूर्वेला म्हणजे भिंतीला लागून. पूर्वेला म्हणजे टाकीच्या आणखी जवळ.

मी बोलले. जितकं बोलता येईल तितकं बोलले, ओरडले, शास्त्र्यांच्या अंगावर धावून गेले म्हटलं तरी चालेल. आईनं मला धरून आत नेलं. खिडकीतून मला आबांचा चेहरा दिसत होता. आक्का गेल्यापासून त्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. आबांना एक चूक हवी होती, हाताला लागेल अशी, दुरुस्त करता येईल अशी. देशाच्या पुस्तकानं त्यांना तसली चूक दाखवली नाही. पुस्तकानं सांगितलं असतं की तू बांधलेलं सगळं घरच तुझ्या पोरीला भोवलं. शास्त्र्यांनी सांगितलं की फक्त हातभर चुकलं. तुम्ही त्यांच्या जागी असता तर कुणाचं ऐकलं असतं? तात्यांच्याही छातीवरचं ओझं उतरलं. टाकी जिथे होती तिथेच राहिली.

मी ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून मला बसायला दिली. मग म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत हे जास्त स्पष्ट करणार आहेत, म्हणे." पुस्तकाखाली नव्या प्रिंटा दबलेल्या होत्या, कुठल्या तरी नव्या ओळीतल्या घरांच्या. मी त्या काढल्या आणि कामाला लागले. मला नोकरी हवी होती.

नवा बोअर मारायची गाडी आली ती रविवारी, म्हणजे मी घरी असताना. भिंतीला घासून उभी केली. धुरळ्यानं सगळं अंगण पांढरं झालं. ओळीतली माणसं जमली, पश्चिमेच्या प्लॉटवाल्यानंही यंत्र कुठे लावलंय ते नीट पाहून घेतलं, त्याला तसंच करायचं होतं. आबांनी नारळ फोडला. दुपार कलताना पाणी लागलं आणि पाइपातून उसळलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी गढूळ आलं, मग नितळ झालं.

आबांनी पहिलं पाणी तांब्यात धरलं. देवापुढे ठेवलं नाही, आईला दिलं नाही. अंगण ओलांडून सरळ माझ्याकडे आले. अंगावर सगळा धुरळा, भुवयांवरसुद्धा.

"घे," म्हणाले. "आता बरूबर लागलंय. तुला काय हुणार न्हाय."

तात्या भिंतीपलीकडून बघत होते. आई दारातून बघत होती. मी आबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्या डोळ्यांना नाही म्हणायला माझ्याकडे कुठलंच कलम नव्हतं.

मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा प्याले. गार होतं, गोड होतं. आबांनी माझ्या हातातून तो घेतला आणि पुन्हा भरून आणायला वळले.